कोमेजलेल्या माळेची खूण : स्त्रीकथेतले फूल आणि झाडीपट्टीतला मोह

१९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि ही लेखिका नेमकी कोण, या प्रश्नाने मराठी वाचकवर्ग ढवळून निघाला. ती लेखिका म्हणजे मालती बेडेकर. त्यांच्या या कथांतल्या मुली शिकलेल्या आहेत, त्यांतल्या काही मिळवत्या आहेत आणि लग्नाचा प्रश्न पेच होऊन त्यांच्यापुढे उभा आहे. फुलाबागांशी त्यांचे देणेघेणे थोडेच. तरी पुस्तकाच्या नावात त्या कळ्या झाल्या. अविवाहित मुलगी म्हणजे कळी, संसार म्हणजे उमलणे, वय झाले की कोमेजणे, हे समीकरण इतके मुरलेले होते की ते मोडायला निघालेल्या लेखिकेलाही दारावर पाटी तीच लावावी लागली. आतल्या कथा मात्र त्या पाटीशी भांडतात, आणि त्या भांडणातच मराठी स्त्रीकथेची खरी सुरुवात आहे असे मी मानतो.

हे भांडण पुढे कुठे गेले, याचा शोध घेताना मला झाडीपट्टीतले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनजिल्हे फार महत्त्वाचे वाटतात. कारण सरळ आहे. या भागातले सर्वांत मोलाचे फूल म्हणजे मोह; ते गळून पडल्यावर कामाला येते आणि वाळल्यावर त्याला किंमत येते. उमलण्यावर सगळा भर देणारे जुने प्रतीकशास्त्र त्याच्यापुढे अपुरे पडते. स्त्रीजीवनावरच्या आधुनिक कथेत फुलाला खरा अर्थ येतो तो ते गळाल्यावर, सुकल्यावर, कुणी फेकल्यावर किंवा वेचल्यावर, हे मला इथे मांडायचे आहे.

आधी थोडी मांडणी करून घेऊ. कथेत फूल अलंकार म्हणून येते, प्रतीक म्हणून येते, किंवा आपल्या मागे एखादी पुराणकथा घेऊन येते. अलंकार ओळखणे सोपे असते. नायिकेच्या केसांतला गजरा काढून टाकला आणि कथेचे काही बिघडले नाही, तर तो अलंकार. प्रतीक असेल तर फूल कथानकात वस्तू म्हणून वावरते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि ते काढले तर कथा खाली बसते. पुराणकथेचे प्रकरण अवघड आहे. तिथे वाचकाला अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे लेखकाला आयता अर्थ उचलण्याचा मोह होतो. प्राजक्त आला की विरह, केवडा आला की खोटेपणाची शिक्षा, तुळस आली की वृंदेचे पातिव्रत्य. ही नावे घेतली की काम झाले असे समजणाऱ्या कथा मराठीत भरपूर आहेत, आणि त्या मला फसलेल्या वाटतात.

प्राजक्ताचेच पाहा. सूर्यावर जीव जडलेल्या राजकन्येला त्याने झिडकारले, तिने देह जाळला, त्या राखेतून झाड उगवले, आणि सूर्याचे तोंड पाहायचे नाही म्हणून त्याची फुले पहाटेच गळतात. ही कथा रचणाऱ्याने झाड फार बारकाईने पाहिलेले आहे. संध्याकाळी उमलणे, पहाटे सडा पडणे, देठाचा केशरी रंग, हे सगळे आधी डोळ्यांनी टिपले गेले आणि मग त्याला दुःखाची गोष्ट जोडली गेली. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये असा नेम असताना प्राजक्ताला त्यातून सूट मिळाली, तीही याच निरीक्षणातून. आधुनिक कथेत प्राजक्त येतो तेव्हा दुःख तेवढे उरते, निरीक्षण गळून जाते. मिथकाचा अर्धा भाग डोळ्यांचा असतो, आणि आपण तो बहुधा विसरतो.

विदर्भाच्या वाचकाला या बाबतीत एक घरचा खजिना आहे. प्राचीन वाङ्मयातल्या विदर्भकन्यांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्यांच्यापैकी चौघींच्या आयुष्यात फूल निर्णायक ठरलेले दिसते. हरिवंशात नारदाने आणलेले पारिजातकाचे फूल कृष्णाने रुक्मिणीला दिले आणि सत्यभामेचा रुसवा स्वर्गातल्या झाडापर्यंत जाऊन पोचला. तिथे फूल म्हणजे दोन बायकांमधली मानाची मोजणी. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाची राजकन्या मालविका अग्निमित्राच्या राजवाड्यात ओळख लपवून दासी म्हणून राहते. झोपाळ्यावरून पडल्याने धारिणी राणीचा पाय दुखावलेला असतो, म्हणून राणीच्या जागी मालविकेने अशोकाला लाथ मारायची, म्हणजे तो फुलेल. तरुण स्त्रीच्या पावलाने अशोक बहरतो हा संकेत सगळ्यांना आवडतो. मला त्यातले दुसरेच लक्षणीय वाटते: फुलवण्याचे काम दासीच्या पायाचे आणि बहर राणीच्या नावावर. श्रम आणि श्रेय यांची फारकत इतक्या नाजूक प्रसंगात दुसऱ्या कुणी दाखवली असेल असे वाटत नाही.

‘रघुवंशा’तली इंदुमती तर फुलानेच मरते. आकाशमार्गे जाणाऱ्या नारदाच्या वीणेवरची दिव्य फुलांची माळ वाऱ्याने उडते, बागेत पती अजाबरोबर विहरणाऱ्या इंदुमतीच्या छातीवर पडते, आणि तिचे प्राण जातात. पुढे खुलासा येतो की ती शापित अप्सरा होती आणि स्वर्गीय फुले दिसताच तिची सुटका व्हायची होती. शास्त्राच्या दृष्टीने सुटका, नवऱ्याच्या दृष्टीने अपघात. तिला स्वतःला काय वाटले, हे आठव्या सर्गात कुठेच नाही. अजाचा विलाप मात्र जगप्रसिद्ध झाला.

चौथी दमयंती. तिच्या स्वयंवरात चार देव नळाचेच रूप घेऊन बसले. पाच सारखे पुरुष समोर असताना तिने नळ ओळखला तो खुणांवरून. देवांना घाम नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, पाय भुईला टेकत नव्हते, आणि त्यांच्या गळ्यातल्या माळा टवटवीत होत्या. ज्याची माळ कोमेजली होती तो नळ. महाभारताच्या वनपर्वातला हा तपशील मला आधुनिक स्त्रीकथेची गुरुकिल्ली वाटतो. इंदुमतीला न कोमेजणाऱ्या फुलाने मारले. दमयंतीने कोमेजलेले फूल निवडले, पूर्ण जाणीव ठेवून, देवांना बाजूला सारून. तिचे पुढचे हाल, ते निबिड वन, अजगर, व्याध, अशोकाच्या झाडाला नवऱ्याचा ठावठिकाणा विचारत फिरणे, हे सगळे त्या निवडीचे मोल आहे. ज्याला काळ लागू होतो ते खरे, असे ती ठरवते.

हीच खूण घेऊन बाहेरच्या दोन नामांकित कथांकडे पाहू. जॉन स्टाइनबेकची ‘द क्रिसॅन्थिमम्स’ १९३७ साली आली. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात एलिसा ॲलन शेवंती लावते. तिच्या हाताला गुण आहे, पण तो गुण कुंपणाच्या आत अडकलेला आहे. भांडी दुरुस्त करणारा एक फिरस्ता येतो, काम मिळवण्यासाठी फुलांचे कौतुक करतो, आणि ती त्याला लाल कुंडीत शेवंतीची रोपे देते. संध्याकाळी नवऱ्याबरोबर गावात जेवायला जाताना तिला रस्त्यावर एक काळा ठिपका दिसतो. त्याने रोपे फेकली होती, कुंडी ठेवून घेतली होती. इथे फूल उमलल्याचे एकही वर्णन कथेला तारत नाही. कथा उभी राहते ती त्या फेकलेल्या ठिपक्यावर.

दुसरी डी. एच. लॉरेन्सची ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थिमम्स’, १९११ची. ती चंद्रपूरच्या वाचकाला तर घरातली वाटावी, कारण ती कोळसा खाणीच्या गावची आहे. एलिझाबेथ बेट्स नवऱ्याची वाट पाहते. तो दारूच्या गुत्त्यात बसला असेल म्हणून मनात चरफडते. मुलीला आईच्या कमरेला खोचलेली शेवंती आवडते, पण आईला त्या वासाचा वीट आला आहे. लग्नात शेवंती होती, बाळंतपणात होती, आणि नवरा पहिल्यांदा पिऊन घरी आणला गेला तेव्हाही त्याच्या कोटाला शेवंतीच होती. मग प्रेत येते. खाणीत कोंडून तो मेला आहे. प्रेत आत घेताना फुलदाणी फुटते, आणि ती खाली बसून पाणी आणि फुले गोळा करते. नंतर प्रेताला अंघोळ घालताना तिला कळते की या माणसाला आपण कधी ओळखलेच नव्हते. भूगर्भात ओढून नेण्याची प्राचीन ग्रीक कथा या गोष्टीच्या पाठीशी आहे, पण लॉरेन्स तिचे नाव घेत नाही. त्याला गरज पडत नाही. खाण हेच पाताळ आहे. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस ही गावे वाढली. वरोऱ्याची खाण तर एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. पाळीचा भोंगा, काळवंडलेली धुणी, महिनाअखेर आणि दारूचे दुकान हे सगळे इथल्या बायकांना लॉरेन्सहून जास्त ठाऊक आहे. एक फरक आहे. लॉरेन्सच्या कथेत दारू गुत्त्यात असते आणि फूल घरात. इथे फुलाचीच दारू होते.

त्या ग्रीक कथेकडे आता नीट पाहायला हवे. होमरच्या नावावर असलेल्या डिमीटर-स्तोत्रात त्या देवीची मुलगी पर्सेफनी मैत्रिणींबरोबर कुरणात फुले तोडते आहे. तिला भुलवण्यासाठीच पृथ्वीने एक नर्गिस उगवलेले असते. ती हात पुढे करते, जमीन दुभंगते, आणि पाताळाचा राजा तिला रथात घालून नेतो. फुले तोडायला गेलेली मुलगी आणि तिच्यावर पडलेली झडप, हा आदिबंध पाश्चात्य कथेत सारखा परतून येतो. ॲलिस वॉकरच्या ‘द फ्लॉवर्स’ या दोन पानी कथेत दहा वर्षांची मायॉप रानात फुले गोळा करत भटकते आणि तिचा पाय एका माणसाच्या सांगाड्यात अडकतो. जवळच गळफासाच्या दोराचे अवशेष असतात. ती हातातली फुले खाली ठेवते. १९७३च्या संग्रहातली ही कथा अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या हत्यांचा सगळा इतिहास त्या एका कृतीत आणते. फुले ठेवली जातात, तिथे बालपण संपते.

पर्सेफनी खेळायला गेली होती. मायॉपही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांतली बाई मार्च-एप्रिलच्या पहाटे टोपली घेऊन निघते ती मोहफूल ‘वेचाले’. वाकलेली असते, पाठ उघडी असते, नजर जमिनीवर असते, आणि उजाडलेले नसते. अस्वलालाही मोह आवडतो. आणि ताडोब्याभोवतालच्या जंगलात वाघ आहे. मोह किंवा तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या बायका वाघाच्या हल्ल्यात दगावल्याच्या बातम्या या भागात उन्हाळ्यात येत राहतात. वर्तमानपत्रात त्या चार ओळींत संपतात: गाव, वय, वनविभागाची मदत, संतप्त जमाव. झडपेची इतकी प्राचीन गोष्ट इतक्या खरेपणाने समोर घडत असताना, तिच्यासाठी कथालेखकाने ग्रीसला जायची गरज नाही. पण पर्सेफनीची प्रत काढूनही चालणार नाही. या बाईला फुलाने भुलवलेले नाही. घरात पैसा यायला हवा म्हणून ती आली आहे, आणि उद्या तिची जाऊ पुन्हा त्याच झाडाखाली येणार आहे.

मोह जवळून पाहू. फाल्गुनात पाने झडतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लटकतात. फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात. पहाटेपासून मलईच्या रंगाच्या, रसाने फुगलेल्या पाकळ्यांच्या गोल कुप्या टपटप पडू लागतात आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतात. त्यांच्यात साखर इतकी असते की बोटे चिकट होतात. पाचोळ्यात फूल सापडत नाही म्हणून झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवतात, बऱ्याचदा पाला पेटवूनही देतात, आणि तिथूनच कधी कधी वणवा लागतो. टोपलीतली फुले अंगणात पसरली की काही दिवसांत तांबूस, मग तपकिरी होतात, मनुक्यासारखी आकसतात, वजन घटते आणि उग्र गोड वास घरभर राहतो. वाळलेला मोह टिकतो. तो भाजून, कुटून, तिळाबरोबर लाडू होतात, पिठात मिसळून भाकरी होते, धान्य संपलेल्या महिन्यांत पोट भरते, बाजारात विकून मीठ-तेल येते. पुढे फळे धरतात आणि बियांचे तेल निघते. लग्नाच्या मांडवात मोहाच्या फांदीला मान आहे. माडिया आदिवासींच्या गावांत पंडुम हा सण होऊन देवाला नवे दिल्याशिवाय नव्या हंगामाला हात लावायचा नाही, असा रिवाज आहे.

आता प्राजक्त आणि मोह शेजारी ठेवा. दोन्ही रात्री उमलतात, दोन्ही पहाटे गळतात, दोन्ही जमिनीवरून वेचतात. निसर्गक्रम जवळपास एक. एकाच्या पाठीशी झिडकारलेली राजकन्या आहे. दुसऱ्याच्या खाली शंभर बायका वाकलेल्या आहेत. प्राजक्ताच्या कथेत स्त्री फूल होते, म्हणजे ती कथेतून नाहीशी होते आणि तिच्या जागी सुगंध उरतो. मोहाच्या बाबतीत स्त्री फूल होत नाही. ती फूल उचलणारी राहते, तिचे हातपाय शाबूत राहतात, तिला भूक लागते. स्त्रीकथेच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे. फुलात रूपांतर झालेल्या बाईला कथानक उरत नाही. फूल वेचणाऱ्या बाईपुढे दिवसभराचे कथानक असते.

याचा अर्थ आदिवासी मिथक म्हणजे आपोआप स्त्रीच्या बाजूचे, असा कुणी काढू नये. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी गाणाऱ्या परधानांच्या तोंडून लिंगोची गाथा टिपून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ साली छापली. गोंडांचा हा संस्कृतिपुरुष फुलातून जन्मतो. ढग, वीज, रात्रभर वाट पाहणारी कळी, आणि पहाटे उमलताना बाहेर पडलेला मुलगा. स्त्रीचे फूल होण्याच्या कथा जगभर आहेत. इथे फुलाचा पुरुष होतो, आणि ही उलट दिशा विलक्षण आहे. पण त्याच गाथेत पुढे भावांच्या बायका लिंगोला मोहात पाडू पाहतात, तो नकार देतो, त्या खोटा आळ घेतात आणि भाऊ त्याला मारतात. फुलातून आलेला पुरुष निष्कलंक, आणि त्याच्याभोवतीच्या बायका कपटी. गोंडी परंपरेत लिंगोबरोबर जंगो या स्त्रीदैवताचे नाव आदराने घेतले जाते, कचारगडच्या माघी यात्रेत ते ऐकू येते, आणि तेवढ्याने चित्र थोडे तोलले जाते. तरी या प्रदेशातली नवी लेखिका लिंगोकडे जाईल तेव्हा तिला त्या वहिन्यांच्या बाजूने गाथा वाचावी लागेल. त्यांनी आळ का घेतला, हे गाथेने विचारलेले नाही.

वेरियर एल्विन यांनी मध्य भारतातून गोळा केलेल्या कथांत तंबाखूच्या जन्माची एक गोष्ट निरनिराळ्या रूपांत येते. एका मुलीला कुणीच पत्करत नाही. ती तशीच मरते, आणि देव तिला तंबाखूचे झाड करतो, म्हणजे ज्यांनी नाकारले ते सगळे पुरुष आता तिच्यावाचून राहू शकणार नाहीत. राजकन्येच्या प्राजक्ताशी ही गोष्ट ताडून पाहिली पाहिजे. दोघी नाकारलेल्या, दोघी वनस्पती झालेल्या. एक नाकारणाऱ्याचे तोंड चुकवते, दुसरी नाकारणाऱ्याच्या तोंडात जाऊन बसते. दुसऱ्या गोष्टीत सूड आहे, विनोद आहे, आणि थोडे विषही आहे. मराठी कथेने पहिलीला शेकडो वेळा हात लावला. दुसरीला कितीदा लावला?

विषाचा विषय निघाला म्हणून मोहाच्या दारूकडे वळतो. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून वाढलेल्या आंदोलनाचा, आणि त्यातही गावोगावच्या बायकांचा, तिच्यात मोठा वाटा होता. चंद्रपूर जिल्ह्यात श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने २०१० साली बायका दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला चालत गेल्या. बंदी २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली उठवली गेली. या सगळ्याच्या मुळाशी कथालेखकाला एक असा पेच सापडतो की तसा दुसऱ्या कुठल्या फुलात नाही. जे फूल बाईने पहाटे वाघाच्या भीतीत वेचले, वाळवले, विकले, तेच भट्टीतून फिरून संध्याकाळी तिच्याच घरात येते आणि तिच्यावर हात उगारते. आणि तरी मृताला, देवाला, पाहुण्याला त्याच फुलाची धार लागते. त्याच्यावाचून विधी पुरा होत नाही. एकाच वस्तूत अन्न, पूजा, मजुरी आणि मार. लॉरेन्सला नवऱ्याच्या कोटाला शेवंती खोचून जे साधावे लागले, ते मोहात जन्मतःच आहे. लेखकाने त्याला अर्थ चिकटवायचा नाही, असलेला अर्थ दाबून टाकायचा नाही, एवढेच.

फूल आणि स्त्रीचे शरीर यांच्या नात्याचा जुना धागाही इथे निराळा विणला जातो. संस्कृतात ऋतू आलेली स्त्री फुललेली असते. गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावे लागते. आखूड, कोंदट खोपटे, पावसात गळणारे, साप-विंचवाची भीती. तिथे वय, माहेर-सासर, मोठी जाऊ, धाकटी नणंद हे सगळे काही दिवस एका छपराखाली येते. कथेच्या दृष्टीने कुर्माघर म्हणजे बंदिवास आहे आणि त्याच वेळी पुरुषांच्या कानांपासून दूर असलेली एकमेव बैठकही आहे. फुलाची उपमा घेऊन तिथे शिरणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. ओले छप्पर आणि तिथल्या गप्पा घेऊन शिरणाऱ्याला लागेल.

१९७९ साली चंद्रपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याचे अध्यक्ष होते वामन कृष्ण चोरघडे, विदर्भाचे थोर कथाकार. त्याच वर्षी याच जिल्ह्यात भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले. दोन मांडव, थोडेसेच अंतर. पुढच्या काळात विनायक तुमराम, उषाकिरण आत्राम, कुसुम आलाम यांच्यासारख्यांनी रान आणि त्यातला माणूस मराठीत आणला, मुख्यतः कवितेतून. कविता प्रतीकाला लवकर पोचते, कारण तिला दिवसाचा हिशेब द्यावा लागत नाही. मोहफुलाला मात्र हिशेब लागतो: किती वेचले, किती वाळले, व्यापाऱ्याने काय दिले, उधारी किती वळती झाली. ते काम कथेचे आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीने दिवाळीनंतरच्या महिन्यांत वडसा-देसाईगंजच्या आसपास रात्ररात्र बाईची दुःखे रंगवली, प्रेक्षक रडवला. पण मोहाची पहाट रंगमंचावर आणणे अवघड, आणि हंगामही नेमका नाटके सरत आल्यावर सुरू होतो.

राणी बंग यांचे ‘गोईण’ कथासंग्रह नव्हे, तरी या चर्चेत मी त्याला मधोमध ठेवीन. गडचिरोलीतल्या बायका आपल्या झाडांविषयी काय बोलतात, ते त्यात आहे. कुठल्या झाडाचे काय खायचे, कुठल्या सालीने काय बरे होते, कुठल्या झाडाखाली काय घडले. झाड तिथे मैत्रीण आहे. मैत्रीण म्हटली की रुसवा, उसनवारी, चहाडी, आधार हे सगळे आले. देवी म्हटले असते तर यातले काहीच येऊ शकले नसते, आणि स्वतःलाच फूल म्हटले असते तर दुसरे कुणी उरलेच नसते. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त फुलांना माणसांच्या उपमांतून सोडवून त्यांचे त्यांचे आयुष्य दिले. ‘गोईण’मधल्या बायकांनी त्या फुलांशी नाते कसे ठेवायचे ते सांगितले. कथेला दोन्ही हवे.

अशा कथेची जुळणी कशी होईल, याचा विचार मी वारंवार करतो. काळ थोड्या आठवड्यांचा. वेळ अंधारी पहाटेची. ठिकाण एकच झाड. पात्रे तीन-चार बायका, एक लहान मूल, आणि दूरवर कुणीतरी पाला पेटवल्याचा धूर. फुलाचे वर्णन एकदाच, तेही बोटांना लागलेल्या चिकटपणाचे. पुराणकथा नावाने येणार नाही. आली तर एखाद्या आजीच्या तोंडून अर्धवट येईल आणि कुणी तरी तिला मधेच तोडेल. पेच मात्र पहिल्या परिच्छेदातच लागेल. रानातली मोहाची झाडे रिवाजाने घराघरांत वाटलेली असतात, अमके झाड अमक्याचे. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला, लेखा-मेंढ्यासारख्या गावाने २००९ साली तो मिळवूनही दाखवला. गावाचा हक्क ठरला, पण घरातला वाटा जुन्या रिवाजावरच चालतो. नवरा वारलेली एक बाई पहाटे नेहमीच्या झाडाखाली येते तेव्हा दिराची बायको आधीच तिथली जागा झाडत असते, आणि झाड आता कुणाचे, हे दोघींपैकी कुणीतरी आधी बोलायचे असते.